‘येते’ म्हणजे कधी?

पहिल्यांदा शाळेत जाताना माझी मुलं किती दिवस रडली, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मोठी मुलगी एक दिवस रडली, धाकटा मुलगा एकोणीस दिवस. पण एवढंच ऐकून जाऊ नका. एवढ्यावर थांबलात तर मोठीचं सोपं गेलं आणि धाकट्याचं कठीण, असं वाटेल. झालं ते नेमकं उलटं.

जून लागला की हा प्रश्न येतोच. कधी बँकेतली नवी सहकारी विचारते, कधी त्रिमूर्तीनगरातल्या आमच्याच गल्लीतली एखादी आई. मागच्या वर्षी पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बाबांनी विचारलं. इकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, याचंच त्यांना आधी नवल वाटलं होतं. नागपूरचा मे महिना एकदा काढला की ते नवल उरत नाही. शब्द प्रत्येकाचे वेगळे, पण प्रश्न एकच: “तुमची मुलं किती दिवस रडली हो?” विचारताना आवाज जरा खाली येतो. मीही हा प्रश्न असाच, दबक्या आवाजात, लोकांना विचारलेला आहे.

मोठी २०१७ च्या जानेवारीत तीन वर्षांची झाली. तिच्या शाळेचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू व्हायचं. सकाळी आठलाच ऊन टोचायला लागलेलं, वर्गात कूलरचा ओला वास, भिंतीवर कागदी फुलपाखरं. पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की मूल खेळात रमलं की नजर चुकवून निघा, निरोप घेत बसलात तर ते जास्त रडतं. आम्हाला ते पटलं. कुणालाही पटेल असंच ते आहे.

पहिल्या दिवशी ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला ठोकळ्यांच्या टोपलीपाशी नेलं आणि मला डोळ्यांनी खूण केली. तिच्या पाठीकडे बघत मी हळूच “आत्ता येते हं” म्हटलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले. त्यानंतर रोज तसंच. फाटकाशी रडणं नाही, हट्ट नाही. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मी माहेरी फोन करून सांगितलं की एका दिवसात रुळली पोरगी.

मग डबा तसाच परत येऊ लागला. तूप-साखर लावलेली पोळीची गुंडाळी तिला फार आवडायची, तीही एक घास खाऊन परत. आम्ही म्हटलं, उन्हानं भूक मेली असेल. रात्री झोपताना ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवायची. सोडवायला गेलं की दचकून जागी व्हायची. बंद झालेलं गादी ओली करणं पुन्हा सुरू झालं. मी न्हाणीघरात गेले की दाराला पाठ लावून बाहेर बसायची. मी वर्गात चौकशी केली तेव्हा बाई म्हणाल्या, “खूप शांत आहे, काहीच त्रास नाही तिचा.” मी ते कौतुक समजले. घरी दिवसभर तोंड चालू असणारी माझी लेक शाळेत एक शब्दही बोलत नाही, हा त्या वाक्याचा अर्थ होता. तो कळायला मला तीन महिने लागले.

मेच्या सुट्टीत सगळं निवळलं. जूनअखेर शाळा पुन्हा सुरू झाली आणि सगळं परत आलं. रडणं मात्र नाहीच.

जुलैतल्या एका रविवारी पाऊस धरून बसला होता. ती खाली सतरंजीवर बाहुल्यांची शाळा मांडून खेळत होती आणि मी पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होते. तिनं सगळ्या बाहुल्या भिंतीला टेकवून बसवल्या. त्यातल्या सर्वांत लहानीच्या पुढ्यात ठोकळा ठेवला. तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, “आत्ता येते हं.” मग स्वतःच्या चपला हातात घेतल्या आणि टाचा उचलून, आवाज न करता खोलीबाहेर गेली.

चपला हातात घेतल्या होत्या. म्हणजे तिनं मला पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी, किंवा रोजच. आपली आई चोरून जाते हे तिला माहीत होतं आणि त्यावर ती अवाक्षर बोलली नव्हती.

घड्या तशाच टाकून मी तिच्यामागे बाहेर गेले. ती पडद्यामागे उभी होती. मी विचारलं, “मग बाहुलीची आई कधी येणार?” ती म्हणाली, “येतेच म्हणते.”

आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे तो शब्द कानावरही पडत नाही. मोठ्यांना त्यातलं जाणं आपोआप कळतं. तीन वर्षांच्या मुलीला कसं कळावं? मी ‘आत्ता येते’ म्हणाले होते. ती सगळी सकाळ त्या ‘आत्ता’ची वाट बघत बसायची. ठोकळे, गाणं, डबा, सगळं तिच्यासमोरून निघून जायचं, कारण तिचं काम एकच होतं, दाराकडे बघत राहणं. आणि साडेअकराला दारात यायची आजी. मी त्या वेळी बर्डीला, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीला, बँकेच्या काउंटरवर असायचे. म्हणजे माझं ‘येते’ रोजच खोटं ठरत होतं.

‘दाराकडे बघत राहणं’ हे शब्द माझे नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या मावशींना गाठलं. बाईंना विचारायचा धीर झाला नाही, मावशींना विचारता आलं. त्या म्हणाल्या, “ताई, लेकरू दाराकडेच पाहून राहते दिवसभर. तुम्ही तिले सांगून जात जा. रडन, पण सांगून जा. आन् कोन घ्याले येनार, तेबी सांगा.”

या मावशी आधी बरीच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. आपण अंगणवाडी हा शब्द सरकारी म्हणून वापरतो, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या बालविकास योजनेतून तो देशभर गेला. पण त्यामागची कल्पना आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी आधीच करून पाहिली होती. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ताराबाई त्याआधी काही वर्षं इथे अमरावतीला राहिल्या होत्या, म्हणून मला त्या उगाच जवळच्या वाटतात. मूल आईपासून, घरापासून एका झटक्यात तोडायचं आणि मग ‘होईल सवय’ म्हणायचं, हे त्यांच्या विचारात बसणारं नव्हतं. मावशींनी त्यांचं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी मुलं बघितली होती.

मी मावशींकडून वर्गाचा दिवस कसा जातो ते विचारून घेतलं. साडेअकरा म्हणजे काय हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, पण कशानंतर काय हे बरोबर कळतं. रात्री तिचा हात हातात घेऊन पाच बोटांवर दिवस मांडला. अंगठा प्रार्थना, मग खेळ, मग डबा, मग गोष्ट, आणि करंगळी म्हणजे आजी. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात खाली बसून सांगितलं, “मी बँकेत जाते आहे.” मुद्दाम ‘जाते’ म्हणाले. सासूबाई शेजारी होत्या, त्यांना ते कसंसंच झालं. “करंगळीला आजी येईल. मी संध्याकाळी, देवापाशी दिवा लागताना.”

आणि ती रडली. एप्रिलपासूनचं साठलेलं सगळं रडली. पुढे आठ दिवस रोज रडत होती. शाळेतून विचारणा झाली की इतकी छान रुळली होती, एकदम काय झालं? काय झालं ते मला सांगता आलं नाही. पण तिसऱ्याच दिवशी डबा रिकामा आला. म्हणजे ‘मोठी एक दिवस रडली’ हे माझं पहिलं उत्तरही अर्धंच. ते आठ दिवस मी मोजत नसे. आता मोजते, आणि चांगल्या दिवसांत मोजते.

ऑगस्टमध्ये तान्हा पोळा आला. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, कुणी पैसे, कुणी खाऊ. आमचा नंदी सासऱ्यांच्या लहानपणचा, एका चाकाला कुरकुर. ती दोरी धरून निघाली, एक घर झालं, दोन झाली. कोपऱ्यावरून वळताना मी मागेच आहे का, हे तिनं पाहिलं नाही. एप्रिलपासून पहिल्यांदा. मी तिथेच कोपऱ्यावर थांबले आणि चाकाची कुरकुर पुढच्या गल्लीत जाऊ दिली.

धाकट्याचं वेगळं. तो नोव्हेंबर २०१८ चा. मार्च २०२० मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा हा सोळा महिन्यांचा, नुकता धावायला लागलेला. पुढची दोन वर्षं त्याच्यासाठी माणूस म्हणजे आम्ही पाच जण आणि बाकीच्यांचे नुसते डोळे. ३१ डिसेंबरला तीन पूर्ण या नियमानं २०२१ मध्येच तो नर्सरीत बसत होता, पण नर्सरी होती मोबाइलवर. आम्ही नाही घातलं. लोकांनी वर्ष वाया जाईल म्हणून सांगितलं. त्याचं काही वाया गेलं असं मला आजही वाटत नाही.

२०२२ च्या जूनअखेर तो शाळेत गेला. या वेळी आधीचे पाच-सहा दिवस रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापर्यंत फिरायला नेलं. बोटं पाठ करून घेतली. त्याच्या बोटांमध्ये मेट्रोही आली, कारण मी आता सुभाषनगरहून मेट्रोनं बर्डीला जायला लागले होते आणि आई कशात बसून जाते हे त्याला कळायला हवं होतं. तरी एकोणीस दिवस रडला, आणि मुळूमुळू नाही, रस्त्यावरची माणसं थांबून बघतील असा. एक आई मला म्हणाली, “तुमचं काहीतरी चुकतंय, तुम्ही निघून का जात नाही पटकन?” त्या दिवशी बर्डीपर्यंत मी मेट्रोच्या खिडकीकडे तोंड करून उभी होते.

पण डबा पहिल्या दिवसापासून रिकामा. दुपारी आडवा पडला की गाढ झोप. संध्याकाळी वर्गातल्या मुलांची नावं, कोण कुणाला चावलं, कुणाच्या डब्यात काय होतं, सगळी बातमी. वर्गातल्या बाई सांगायच्या की मी वळणाआड गेले की पाच मिनिटांत तो खेळायला लागतो. दोन वर्षांत ज्यानं घराबाहेरचं जग पाहिलं नव्हतं, त्यानं आई जाताना रडायचं नाही तर कधी रडायचं? तो रडला ते फाटकाशी, मी समोर असताना, माझ्या खांद्यावर. मोठीला ते करता आलं नव्हतं, कारण तिच्या रडण्याच्या वेळी मी चपला हातात घेऊन जिन्यात पोचलेली असे.

विसाव्या दिवशी नाही रडला. एकविसाव्या दिवशी जरासा रडला, तो मी धरत नाही.

म्हणून किती दिवस रडलं हे मला विचारू नका, डबा विचारा. झोप विचारा. घरी शाळा-शाळा खेळतं का आणि खेळताना बाई काय बोलते ते कान देऊन ऐका. झोपेवरून आठवलं, २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं सांगितलं आहे. ते वाचल्यावर साडेसहाला झोपेतच बूट चढवलेली माझी लेक डोळ्यांसमोर आली. तुमच्या शाळेत वर्ग त्याआधी भरत असेल तर विचारा, चार पालक मिळून विचारा. आणि महिना-दोन महिने झाले तरी मूल जेवत नसेल, बोलेनासं झालं असेल, एखाद्या माणसाचं किंवा जागेचं नाव काढताच अंग चोरत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणू नका, कुणी म्हटलं तर ऐकूनही घेऊ नका. शाळेत जाऊन बसा, वर्ग बघा, मावशींशी बोला, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मी तीन महिने थांबले होते. तेवढं थांबू नका.

आमच्या बँकेतल्या जिनं हे परवा पुन्हा विचारलं, तिची मुलगी येत्या सोमवारी पहिल्यांदा जाणार आहे. तिनं आठवडाभर रजा टाकली आहे, चांगलं केलं. पण त्यानंतर मुलीला घ्यायला तिचे आजोबा जातील. तिला मी एवढंच म्हटलं, की मग पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत ने, फाटक दाखव, आणि ज्या दिवशी आजोबा येणार त्या दिवशी ‘आई येते’ असं म्हणू नकोस. आजोबा येतील म्हण.