स्टॉर्म३२ गिंबल: पिच का ढळत होता ते सापडलं

मागच्या नोंदीत ड्रोनवरच्या स्टॉर्म३२ गिंबलचे (कॅमेरा मोटरने स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचे) पीआयडी, म्हणजे चूक किती जोराने सुधारायची ते ठरवणारे आकडे, जुळले होते. फ्रेम हातात कशीही हलवली तरी चित्र जागचं हलत नव्हतं. पण उड्डाणात पाच-सहा मिनिटं झाली की कॅमेऱ्याचं नाक हळूहळू खाली जायचं. झटका नाही, थरथर नाही, फक्त पिच, म्हणजे वर-खालीचा कोन, ढळणं. त्याचं कारण आता हाती आलं आहे. ते मोटरमध्ये नाही आणि पीआयडीतही नाही.

जुळणी तीच: एफ४५० ड्रोन फ्रेम, आवृत्ती १.३ चा स्टॉर्म३२ कंट्रोलर बोर्ड, तिन्ही अक्षांवर २८०४ मोटर, ३एस (तीन सेलची) बॅटरी, साधारण १२० ग्रॅमचा अ‍ॅक्शन कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर दुहेरी टेपने चिकटवलेला एमपीयू६०५० आयएमयू, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन कळवणारा सेन्सर.

आधी मोजमाप हवं. कॅमेऱ्याच्या ट्रेवर लेझर पॉइंटर बांधला, फ्रेम टेबलाला क्लॅम्पने आवळली आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर खूण केली. एवढ्या अंतरावर १° म्हणजे ५२ मिमी, त्यामुळे पाव अंशाची चूकही पट्टीने मोजता येते. पहिल्या सहा मिनिटांत ठिपका ३१ सेंमी खाली आला, म्हणजे जवळजवळ ६°.

नेहमीचे संशयित आधी बाजूला काढले. वीज बंद करून कॅमेरा ४५° वर सोडला तर तिथेच राहतो, म्हणजे तोल बरोबर. व्हीमॅक्स (मोटरला मिळणाऱ्या जोराची मर्यादा) १२० वरून १६० केला तर मोटर तापली, ढळणं तेवढंच. व्हिडिओची जाड केबल मात्र खरंच स्प्रिंगसारखी ओढत होती. तिच्या जागी ३० गेजच्या सिलिकॉन वायरी सैल वळसा देऊन घातल्या. पॅन करताना (कॅमेरा डावी-उजवीकडे वळवताना) बसणारा हिसका गेला, पिच होता तसाच. आयएमयू आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या आयटूसी वायरींवरचे एरर मोजले तर दर मिनिटाला दोन-तीन. त्यातल्या एसडीए आणि एससीएल या दोन सिग्नल वायरी प्रत्येकी वेगळ्या ग्राउंड वायरीशी पिळल्या, मोटरच्या वायरींपासून लांब नेल्या, टोकाला फेराइट रिंग घातली. आता अर्ध्या तासात शून्य! पिच तरीही खाली.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट बघायला हवी होती, आणि ज्यांचा गिंबल कोन धरत नाही त्यांनी ती पहिल्यांदा बघावी. लेझर ३१ सेंमी खाली असताना संगणकावर पिचचा आकडा काय दिसतो? इथे तो शून्य होता. कंट्रोलरच्या मते कॅमेरा सरळच आहे. मोटर कमी पडत असेल, तोल बिघडला असेल किंवा केबल ओढत असेल, तर हा आकडा शून्यापासून सरकलेला दिसतो, कारण कंट्रोलरला चूक कळते पण ती भरून काढता येत नाही. आकडा शून्य आणि कॅमेरा वाकडा, याचा अर्थ आयएमयू चुकीचं सांगतो आहे किंवा तो स्वतःच कॅमेऱ्यावरून सरकला आहे. टेप गरमीने सैल होते म्हणून मॉड्यूलच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून पाहिली. रेघ जुळलेलीच होती.

मग कॅमेरा काढून त्याच वजनाचे वॉशर बांधले. १५ मिनिटांत ठिपका हलला नाही. कॅमेरा परत लावला, पण बंद ठेवला. तरीही नाही. कॅमेरा चालू करून रेकॉर्डिंग लावलं की ढळणं सुरू. शेवटची खात्री म्हणून कॅमेरा बंद ठेवून आयएमयूवर हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली, आणि दोन मिनिटांत ठिपका खाली. दोष उष्णतेचा आहे. कॅमेऱ्याच्या पाठीला टेकलेला आयएमयू ३१ वरून ५४° सेल्सिअसवर जात होता.

एमपीयू६०५० ची डेटाशीट हेच सांगते. ० ते ७०° च्या टप्प्यात अ‍ॅक्सेलरोमीटरचं (आयएमयूतला 'खाली' ही दिशा ओळखणारा भाग) शून्य एक्स-वाय अक्षांवर ३५ मिली-जी (गुरुत्व-त्वरणाचा हजारावा भाग म्हणजे एक मिली-जी) पर्यंत सरकू शकतं. ३५ मिली-जी म्हणजे कोनात २°. जायरोचं (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) शून्यही तापमानाबरोबर सरकतं, आणि गिंबल ते फक्त सुरू होताना, थंड असताना मोजतो. या दोघांची मापं मिसळून कोन काढणाऱ्या साध्या पूरक फिल्टरमध्ये जायरोची चूक गुणिले फिल्टरचा कालावधी एवढी कोनाची चूक कायम राहते: ०.४५° प्रतिसेकंद चूक आणि १० सेकंदांचा कालावधी असेल तर ४.५°.

दोन्ही वाटे वेगळे करणं सोपं आहे. सगळं तापल्यावर फक्त गिंबलची वीज बंद-चालू करायची. जायरो नव्याने शून्य होतो, उरते ती अ‍ॅक्सेलरोमीटरची चूक. इथे ३१ सेंमीचे ८ सेंमी उरले, म्हणजे दीड अंश अ‍ॅक्सेलरोमीटरचा आणि बाकी साडेचार जायरोचा.

उपाय त्यातूनच निघाला. आयएमयू टेपवरून काढून १.५ मिमी एफआर४ (सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासच्या) पट्टीवर घेतला आणि पट्टी ५ मिमी नायलॉन स्पेसरवर बसवली, म्हणजे मधून हवा खेळते. जाड फोम लावण्याचा मोह टाळावा. मऊ बुडावर आयएमयू कॅमेऱ्याच्या मागे रेंगाळतो आणि पीआयडी थरथरायला लागतात. सहा बाजूंचं अ‍ॅक्सेलरोमीटर कॅलिब्रेशन कॅमेरा दहा मिनिटं चालवून, गरम असतानाच केलं. उड्डाणाआधीचा क्रमही बदलला: आधी कॅमेरा चालू, पाच मिनिटं थांबायचं, मग गिंबलला वीज, आणि नॉर्मल स्थिती येईपर्यंत हात लावायचा नाही. आता १५ मिनिटांत ठिपका २ सेंमी सरकतो, म्हणजे ०.४°. क्षितिजाची रेघ चित्रात जागच्या जागी बसलेली पाहणं हे या छंदातलं खरं सुख आहे.

आयएमयू मॉड्यूलबद्दल एक गोष्ट. एकाच विक्रेत्याकडच्या एकाच पाकिटातल्या दोन मॉड्यूलपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट ढळतं. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, तीन घ्यावीत आणि हेअर ड्रायरखाली निवडून लावावीत. ३२-बिट सिंपलबीजीसी या दुसऱ्या गिंबल बोर्डमध्ये सेन्सरचं तापमान-कॅलिब्रेशन करता येतं. या एका सोयीसाठी तो बोर्ड जास्त किमतीलाही परवडतो, हे ठाम मत.

पुढचा बेत आयटूसीऐवजी वेगळ्या जोडणीवर चालणारे स्टॉर्म३२ चे एनटी मॉड्यूल मागवण्याचा होता, पण आयटूसी स्वच्छ झाल्यावर ती घाई उरली नाही. त्याऐवजी, स्पेसरचं लिहितानाच सुचलं की आयएमयू पाठीवर हवाच कशाला? ट्रेच्या बाजूच्या पट्टीवर, पिच मोटरच्या समोरच्या टोकाला, तो गरमीपासून आणखी लांब राहील आणि कॅमेऱ्याबरोबर फिरेलही. फक्त त्याची दिशा सॉफ्टवेअरमध्ये नव्याने भरावी लागेल. ते राहिलं तर वीज देताच गिंबल गरगर फिरतो. म्हणून आधी मोटर बंद ठेवून आकडे योग्य दिशेने बदलतात का ते बघायचं.

रोल, म्हणजे डावी-उजवीकडे कलण्याचा अक्ष, अजून बाकी आहे. १० मीटर प्रतिसेकंद वेगाने ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं की आडवं त्वरण ३.३ मीटर प्रतिसेकंद वर्ग होतं आणि अ‍ॅक्सेलरोमीटरला 'खाली' ही दिशा जवळजवळ १९° तिरकी वाटते. लांब वळणात क्षितिज कलतं ते यामुळे, उष्णतेचा तिथे संबंध नाही. फिल्टरचा कालावधी वाढवला तर कलणं कमी होईल, पण त्याच पटीत जायरोची चूक वाढेल. म्हणून आधी आयएमयू बाजूच्या पट्टीवर, मग कालावधी १० वरून १५ सेकंद, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा लेझर.