गोल कुणाचा, नाव कुणाचं

तालुक्याच्या शालेय फुटबॉल स्पर्धेची बातमी असते जेमतेम दीडशे शब्दांची. ती छापून आली की सकाळी साडेसातला वार्ताहराचा फोन वाजतो, "माझ्या झिलाचा नाव खंय गेला?" (मुलाचं नाव कुठे गेलं?) या प्रश्नाच्या उत्तराची तयारी सामना सुरू व्हायच्या आधी करावी लागते. पालक पिच्छा पुरवतात हे खरं, पण भांडणाचं मूळ बरेचदा आपल्याच वहीत सापडतं.

सगळ्यात आधी नावं. क्रीडाशिक्षकांकडे संघाची प्रवेशिका असते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. ती बहुतेकदा इंग्रजीत असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्रजी स्पेलिंगवरून तांडेलचा टंडेल होतो, साटमचा सातम, गवसचा गावस. कांबळी आणि कांबळे ही तर दोन वेगळी आडनावं. तिथली चूक शुद्धलेखनाची म्हणून कुणी सोडून देत नाही. म्हणून यादी सरांकडून मराठीत लिहून घ्यावी, नाहीतर कर्णधाराला बाजूला घेऊन एकेक नाव वाचून दाखवावं. तीन मिनिटांचं काम आहे. एकाच वाडीतली मुलं असली तर संघात चार परब निघतात, तिथे नुसतं आडनाव चालत नाही.

जर्सीच्या नंबरावर विसंबू नये. किट जुना असतो, दोघांच्या पाठीवर सात असतो, मध्यंतरात शर्ट बदलले जातात. त्यात शालेय सामने भर पावसाळ्यात. जांभ्याच्या मैदानावर लाल चिखल उडायला लागला की थोड्याच वेळात दोन्ही संघ एका रंगाचे दिसतात. त्यामुळे नंबरासोबत दुसरी एखादी खूण टिपून ठेवायची. पेन्सिल घ्यावी, ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही आणि जेलपेन ओघळतं. वहीतली एक ओळ साधारण अशी दिसते: "२३ मि. – ९ – निळे मोजे – कॉर्नरवर हेडर – कॉर्नर ४ ने घेतला." घड्याळात २२ मिनिटं १० सेकंद झाली असली तर तो गोल २३व्या मिनिटाचा, हे लक्षात ठेवावं. सामना संपल्यावर गोल आधी पंचांच्या नोंदीशी जुळवायचे, मग प्रशिक्षकांशी बोलायचं. हे उलटं केलं की प्रशिक्षक सांगतील ते नाव डोक्यात बसतं, आणि गोलसमोरच्या गर्दीतून गेलेल्या चेंडूला पाच बाप असतात.

टायब्रेकरवरून, म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टींवरून, तर हमखास वाद होतो. सामना १-१ बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरमध्ये ४-३ झाले, तर '५-४ ने विजय' असं लिहायचं नसतं. टायब्रेकरमधले गोल सामन्याच्या गोलसंख्येत धरत नाहीत आणि खेळाडूच्या खात्यावरही जात नाहीत. "आमच्या पोराने दोन मारले, तुम्ही एकच लिहिलात" या तक्रारीतला दुसरा गोल अनेकदा तिथलाच असतो.

नाव गळण्याचं खरं कारण मात्र पालकांना कुणी सांगत नाही. बातमी डेस्कवर, म्हणजे कचेरीत पान लावताना, खालून कापली जाते. संध्याकाळी उशिरा जाहिरात आली की शेवटचा परिच्छेद जातो आणि विजयी संघाची यादी नेमकी तिथेच असते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तर शुभेच्छांच्या जाहिरातींनी अर्धं पान भरलेलं असतं. म्हणून गोल करणारे आणि गोलरक्षक पहिल्या दोन परिच्छेदांत घ्यावेत. यादी द्यायची तर अख्खी द्यावी आणि तिसऱ्या परिच्छेदात द्यावी, नाहीतर देऊच नये. अकरापैकी सात नावं छापून येणं सगळ्यात वाईट. उरलेल्या चार घरांतून फोन येणारच.

कुणाचं नाव घ्यायचं याचा नियम हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून शाळांच्या क्रीडाशिक्षकांना कळवून टाकावा. गोल करणारे, गोलरक्षक, कर्णधार, प्रशिक्षक, बस. १४ वर्षांखालील गटात स्वयंगोल, हुकलेली पेनल्टी किंवा लाल कार्ड यांत मुलाचं नाव घालायचं नाही. 'एका खेळाडूला मैदान सोडावे लागले' एवढं पुरतं. फोटोओळीत पाचपर्यंत चेहरे असतील तरच डावीकडून नावं द्यावीत. मुलाचा फोटो नको असं एखादी आई म्हणाली तर कारण विचारत बसू नये.

पालकांचा आग्रह कुठून येतो तेही समजून घ्यायला हवं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक वडिलांना माहीत असतं. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे विजेते पुढे कोल्हापूर विभागातच खेळायला जातात, तिथे कुणाशी गाठ पडते तेही त्यांना ठाऊक असतं. त्यातून कात्रणाची फाईल सुरू होते. इथे एक गैरसमज शांतपणे दूर करता येतो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. दोन्हीकडे बघतात ते स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्र, कात्रण नव्हे. एवढं कळल्यावर निम्मा आवाज खाली येतो.

फोन आला की आधी पूर्ण ऐकून घ्यावं, सामना कुठला ते विचारावं, वही उघडावी. "वहिनी, माझ्या नोंदीत दुसरा गोल नऊ नंबरचा आहे, पंचांच्या नोंदीशी ताडून बघतो आणि दुपारी कळवतो," एवढं बोलून थांबावं आणि दुपारी खरंच कळवावं. दुसऱ्याच्या मुलाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. "उद्या नक्की लावतो" हेही म्हणू नये, पान आपल्या हातात नसतं. पालकांनी स्वतःच लिहून पाठवलेल्या 'चमकदार कामगिरी'च्या मजकुरातून तारीख आणि निकाल घ्यावा, तोही पडताळून. विशेषणं तिथेच ठेवावीत. मे महिन्यातल्या शिबिराच्या बातमीनंतर आंब्याची पेटी आली तर ती परत करणं जड जातं, पण करावी.

चूक आपली निघाली तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, दोन ओळींत: कुठल्या तारखेचा अंक, कुठला सामना, बरोबर नाव. चुकीचं नाव पुन्हा छापायचं नाही. ज्याचं नाव चुकून आलं होतं त्याच्या घरी मात्र दुरुस्ती छापून येण्याआधी आपणच फोन करायचा. तिथे एव्हाना कात्रण लॅमिनेट झालेलं असतं.