८० एफपीएस दिसतात, तरी गेम अडखळतो: माझा अनुभव

ग्राफिक्स मेनूवरचा माझा राग अजून गेलेला नाही. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, पडद्यावर येतात ते; त्याचाच आकडा म्हणजे एफपीएस) आणि ग्राफिक्स यांचा मेळ बसवणं हे एरवी एका बैठकीचं काम. पण माझं घोडं अडलं ते अशा एका सेटिंगपाशी, जिचं नाव कुणी घेतच नव्हतं.

माझ्याकडे ८ जीबी मेमरीचं मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि २५६०×१४४० चा १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. नवा ओपन वर्ल्ड गेम घेतला, त्याने आपणहून हार्डवेअर ओळखून बहुतेक सगळं अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, लावून दिलं. कोपऱ्यातल्या काउंटरवर ८० च्या वर एफपीएस. उभं राहून इकडेतिकडे पाहिलं की सगळं लोण्यासारखं. पण शहरातल्या बाजाराच्या गल्लीत पळत वळलं, की कचकन एक हिसका. दोन पावलं पुढे, पुन्हा हिसका. आणि काउंटर काही झालंच नाही अशा थाटात ७० च्या वरच.

काउंटर असं का करतो ते आधी समजून घ्या, म्हणजे माझ्यासारखी वणवण होणार नाही. तो सेकंदभराची बेरीज दाखवतो. समजा, त्या सेकंदात ७३ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम १२४ मिलिसेकंद रखडली. आकडा दिसणार ७४, म्हणजे छानच. डोळ्याला मात्र ती एकच फ्रेम टोचते. म्हणून एफपीएसपेक्षा फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघा. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम, १४४ म्हणजे जेमतेम ७ मिलिसेकंद. रेघ सपाट असेल तर ६० सुद्धा सुंदर वाटतात, दातेरी असेल तर १०० ही वाया.

तर, सगळे सांगतात तेच मी केलं. शॅडो (सावल्या) अल्ट्रावरून हायवर, धुकं आणि प्रकाशझोत मीडियमवर, रिफ्लेक्शन (प्रतिबिंबं) एक पायरी खाली. या तिन्हींनी एफपीएस खरंच वाढतात, आणि शॅडो हाय आहेत की अल्ट्रा हे खेळताना ओळखू येत नाही. आकडा १०० पर्यंत गेला. हिसका जागच्या जागी.

मग सल्ला मिळाला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नवा टाका. टाकला. ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर (चित्र रंगवायचे कार्डावरचे छोटे प्रोग्रॅम) बाद होतात, त्यामुळे गेमने ते पहिल्यापासून तयार करायला घेतले. ती पट्टी सरकताना बघत बसणं म्हणजे छळ आहे. शेडर अर्धवट असताना खेळायला लागलात तर वेगळेच झटके बसतात, म्हणून थांबावंच लागतं. थांबलो. गल्लीत वळलो. हिसका.

शेवटी एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमाप दाखवणारी सॉफ्टवेअर लावून पडद्यावर दोन गोष्टी आणल्या: फ्रेमटाइमचा आलेख आणि व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा, वापर. आणि मग दिसलं. व्हीरॅम ८ जीबीच्या छताला टेकलेली, आणि गल्लीच्या वळणावर आलेखात सुळका उठतो त्याच क्षणी सिस्टिम रॅमचा आकडा वर सरकतो. म्हणजे टेक्श्चर (भिंती, कपडे यांच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) कार्डात मावत नव्हते, आणि जागा करण्यासाठी कार्ड आणि रॅम यांच्यात त्यांची ने-आण चालू होती. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला शेकडो जीबी, आणि कार्डाला बाकीच्या कॉम्प्युटरशी जोडणारा पीसीआयई ४.० चा पूर्ण १६ लेनचा रस्ता सेकंदाला साधारण ३२ जीबीचा. तिथे फ्रेम तुंबणारच.

माझा खरा संताप इथे आहे. मेनूत मेमरीची एक पट्टी होती आणि ती शेवटपर्यंत हिरवी होती! विंडोज, मागे उघडा असलेला ब्राउझर, चॅटचं ॲप, हे सगळे त्याच ८ जीबीतून खातात, त्याचा त्या पट्टीला पत्ताच नाही. वर टेक्श्चर बदलले की गेम बंद करून पुन्हा चालू करा, आणि तेच लोगो पुन्हा बघा, तेही वगळता न येणारे. ज्या सेटिंगची चाचणी सगळ्यात जास्त वेळा करावी लागते, तीच इतकी कटकटीची का ठेवावी?

टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणले. सरासरी एफपीएस एखाद-दुसऱ्यानेच हलले, पण आलेखाची रेघ सपाट झाली. त्या गल्लीत मी मुद्दाम पुन्हा पुन्हा पळालो आणि दर वळणाला आनंद झाला. चित्र किती बिघडलं? कोटाच्या बाहीवरची शिवण हायवरही टाका न् टाका दिसते. विटांच्या भिंतीला नाक लावून उभं राहिलं तरच फरक कळतो. टेक्श्चरचा हिशोब असा आहे: मेमरीत मावतात तोवर ते जवळजवळ फुकट, मावेनासे झाले की सगळ्यात महाग. १२ किंवा १६ जीबीचं कार्ड असेल तर बिनधास्त वर ठेवा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली दाखवणं) आणि फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घालणं) हेही व्हीरॅम खातात, तेवढं धरून चाला.

बाकीचं पटापट झालं. अपस्केलिंग क्वालिटीवर ठेवलं. १४४० पीच्या पडद्यावर आतून साधारण ९६० पीचं चित्र तयार होतं आणि मोठं केलं जातं. लांबच्या तारा आणि जाळ्या किंचित चमचमतात, मला चालतं. त्याखाली बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्स मला १४४० पीवर धूसर वाटले. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या दिसणाऱ्या पृष्ठभागांचे टेक्श्चर स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६ वर ठेवा, ते कमी करून हाती काही लागत नाही. फ्रेम जनरेशन मी बंद ठेवलं: आकडा फुगतो, पण माउसला प्रतिसाद उशिरा मिळतो. मूळचे ६० सुद्धा नसतील तर त्याच्या नादी लागूच नका.

फ्रेमरेट ९० वर बांधला. १०५ वर जाऊन ८० वर पडण्यापेक्षा स्थिर ९० कधीही बरे, आणि पंख्याचा आवाजही खाली आला. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर ते चालू करा, नाहीतर फ्रेमला मॉनिटरच्या ठरलेल्या ठोक्यासाठी थांबवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्ही-सिंकवर ६० हर्ट्झला फ्रेम जराशी उशिरा आली की ३३ मिलिसेकंदांपर्यंत ताटकळते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: काहीही कमी करण्यापूर्वी रेझोल्युशन ७२० पीवर टाकून बघा. एफपीएस वाढले नाहीत तर दोष प्रोसेसरकडे आहे. मग गर्दीची घनता आणि लांबचं दिसण्याचं अंतर कमी करा. अशा वेळी अँटि-अलायझिंगला (कडांचे दाते गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगला) हात लावून उपयोग नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का आणि विंडोजमध्ये मॉनिटर खरंच १४४ हर्ट्झवर आहे का, हेही बघून घ्या.

आणि गेमच्या आतल्या बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजायच्या तयार चाचणीवर, विसंबू नका. तो ताज्या मेमरीवर दोन-तीन मिनिटं चालतो आणि संपतो. व्हीरॅम हळूहळू भरत जाते. सगळ्यात वाईट जागी सेव्ह करा, ब्राउझर नेहमीसारखा उघडा ठेवा, अर्धा तास मनसोक्त हिंडा आणि मग त्याच जागी परत येऊन आलेख बघा.