मेजरसाठी चार फेऱ्या

१६ एप्रिल २०१८ला आयव्हन मेजर गेला, ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला. (मेजर हे आडनाव, हुद्दा नव्हे.) स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा, सहा वेळचा जगज्जेता: १९६८, ६९, ७०, ७२, ७७ आणि ७९. माणूस न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा, पण नाव झालं ते न्यूकॅसल, बेल व्ह्यू, एक्झिटर, हल अशा इंग्लंडमधल्या संघांकडून. म्हणून उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या क्लबने पुढच्या सामन्याआधी एक मिनिट शांतता आणि त्यानंतर जुन्या जावा मोटरसायकलवर चार फेऱ्या असं ठरवलं. शांततेला तयारी लागत नाही. जावा चालू करण्याचं काम माझ्याकडे आलं.

स्पीडवे न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चार स्वार, चार फेऱ्या, साधारण एक मिनिटात निकाल. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मेथनॉल या अल्कोहोलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वळणं सगळी डावीकडे, डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा, मागचं चाक घसरवत न्यायचं आणि पुढचं उजवीकडे वळवून ठेवायचं.

गाडी एका संग्राहकाची, सत्तरच्या दशकातली दोन व्हॉल्व्हची. मेजरची नव्हे, पण त्याच घराण्यातली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिलिमीटर. कित्येक वर्षं नुसती उभी असलेली, आणि अशा गाडीचं पहिलं दुखणं म्हणजे एरंडेल. हो, तेच, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते. मेथनॉल खनिज तेलात विरघळत नाही, त्याची पांढुरकी फेसाळ पेस्ट होऊन बेअरिंगची वाट लागते. एरंडेलात ते विरघळतं, आणि तापलेल्या धातूवर एरंडेलाचा थरही टिकतो. पण गाडी उभी राहिली की हेच तेल घट्ट होऊन पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटवून टाकतं. जोर लावून फिरवलं तर रिंग तुटते. प्लगच्या भोकातून मेथनॉल ओतून गाडी रात्रभर ठेवली, सकाळी मागचं चाक हाताने पुढेमागे हलवत इंजिन सोडवलं. मग ऑइल पंपाची नळी इंजिनाशी सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत चाक फिरवत राहायचं. हे टाळलं तर पहिल्या फेरीत क्रँकचं मोठं बेअरिंग कोरडं चालतं. इथे तेल फिरून परत येत नाही, वापरलं की बाहेर, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्या तेलाला दुसरी संधी नाही.

कार्ब्युरेटरमध्ये अपेक्षेप्रमाणे पांढरा गाळ होता. मेथनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि हलक्या धातूला खातं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, मेथनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन जायला हवं, म्हणून जेटची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या तोटीची, भोकंही तशी मोठी. त्यात थोडा गाळ अडकला की मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन तापून पिस्टनला भोक पडतं. जेट तारेने कोरायचं नाही, भोक वाढतं, हवेने फुंकायचं.

संध्याकाळी थंडी होती. साधारण ११ अंशांच्या खाली मेथनॉलची पुरेशी वाफच होत नाही, ठिणगी कितीही चांगली असो. प्लग बर्नरवर तापवून कापडात धरून बसवला, कार्ब्युरेटरच्या तोंडात पिचकारीने दोन-तीन मिलिलिटर पेट्रोल सोडलं. मेथनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे शेजारी पाण्याची बादली हवीच. मेथनॉल पाण्यात मिसळतं, तेव्हा ही आग पाण्याने विझते. सामन्यात इंजिन गरम झाल्यावर थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, प्लग घालतात. मी गरम प्रकारचाच ठेवला, कारण हळू चालवताना थंड प्लग ओला होऊन इंजिन बंद पडतं.

चालवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, जुने स्वार. त्यांच्यासाठी मागचं स्प्रॉकेट तीन दात लहान घातलं, म्हणजे ओढ कमी आणि चाक एकदम उसळणार नाही. या गाड्यांवर खरा धोका थ्रॉटल उघडण्यात नसून वळणाच्या मध्यावर घाबरून एकदम बंद करण्यात असतो. चाकाला अचानक पकड येते, गाडी सरळ होते आणि समोर कुंपण असतं. त्यांना हे सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. स्वार पडला तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधायला मात्र त्यांनी कुरकुर केली.

तोवर पिटच्या, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेच्या, जाळीशी जुनी मंडळी जमली होती. टोप्यांवर बिल्ले, प्रत्येक बिल्ल्याखाली वर्षाची एकेक पट्टी लटकलेली. एका बाईंकडे १९७२च्या वेम्बलीच्या अंतिम सामन्याची पुस्तिका होती, प्रत्येक हीटचे, म्हणजे सामन्यातल्या एकेका शर्यतीचे, गुण पेन्सिलने भरलेले. मेजर आणि स्वीडनचा बर्न्ट पेरसन दोघांचे १३ झाले, तेव्हा त्या निर्णायक शर्यतीचा निकाल समासात आडवा, दाटीवाटीने लिहिलेला. दुसरीकडे वाद चालू होता: १९७७ला स्वीडनमधल्या ग्योटेबोर्गच्या मुसळधार पावसात जिंकला ते मोठं, की १९७९ला पोलंडमध्ये, चाळिशीला महिना उरला असताना? रडारड कुणाची नव्हती. तो शर्यत कशी सुरू करायचा याची मात्र प्रत्येकाला आठवण: स्टार्टची फीत वर जाण्याआधी किती स्थिर बसायचा, क्लच किती मोजून सोडायचा, गाडी कशी लख्ख असायची. श्रद्धांजलीच्या भाषणांपेक्षा हे ऐकणं मला केव्हाही पसंत.

अँब्युलन्स जागेवर आल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही, ती आली. दोन्ही संघ स्टार्टच्या सरळ पट्ट्यावर रांगेत उभे राहिले, मिनिट संपलं. दोघांनी ढकललं, क्लच सुटला, दुसऱ्या धक्क्याला इंजिन पकडलं. आजच्या गाड्यांच्या सायलेन्सरनंतर तो उघडा आवाज छातीत बसतो. एरंडेलाचा वास मागच्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण तिथूनच पहिली आरोळी आली.

तिसऱ्या फेरीत मात्र इंजिनाचा आवाज तुटायला लागला, फक्त वरच्या वेगात. गाडी पिटमध्ये येईपर्यंत जाळीवर निदान होऊन गेलं होतं. एक म्हणाला जेट. बिल्लेवाल्या दुसऱ्याने त्याला उडवून लावलं: इंधन कमी पडलं तर इंजिन हुंदके देतं आणि पाइपातून फटाके वाजतात; हे कात्रीने कापल्यासारखं तुटत होतं, म्हणजे मॅग्नेटो, ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग. त्याचंच खरं होतं. जुन्या कॉइलचं वेष्टण तापलं की ठिणगी आतच गळते, गार झालं की सगळं ठीक. पंधरा मिनिटांनी ढकललं तर गाडी मुकाट चालू झाली.

तिकडे पहिल्या हीटची दोन मिनिटांची घंटा वाजली. मी इंधनाचा नळ बंद करून उरलेलं मेथनॉल इंजिनात जाळून संपवलं, कार्ब्युरेटर पेट्रोलने धुऊन आत हलकं तेल फवारलं. मॅग्नेटोचं आर्मेचर (कॉइल असलेला फिरता भाग) नव्याने गुंडाळायला पाठवायचं, असं मालकाला चिठ्ठीवर लिहून दिलं.