निफाडच्या थंडीत जाम झालेला हँडब्रेक

निफाड तालुक्यातली थंडी म्हणजे द्राक्षबागायतदाराच्या जिवाला घोर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की नाशिकच्या पेपरांत बातमी येते आणि इकडे पहाटे बागेत ठिबक सुरू होतं, बांधाला शेकोट्या पेटतात. पाणी उतरत आलेला मणी थंडीने तडकला तर सगळा हंगाम हातचा जातो. अशाच दिवसांत मी माहेरी गेले होते. सकाळी नाशिकला परत निघाले, तर गाडी जागची हलेना.

आदल्या संध्याकाळी चाकं काळ्या मातीच्या चिखलाने माखली होती, म्हणून दादाने फवारणीच्या एचटीपी पंपाची गन लावून गाडी खालून-वरून धुतली होती. शेडसमोर थोडा उतार आहे, तिथे ती हँडब्रेक ओढून रात्रभर उभी. सकाळी हँडब्रेक खाली केला, डॅशबोर्डवरचा लाल दिवाही गेला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी पुढून ताणली, मागून खाली बसली आणि तिथेच थांबली. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक फिरलेलंच नव्हतं. मातीत वीतभर फरपटल्याची खूण होती.

आप्पा लगेच बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन आले. "गारठलाय ब्रेक. ओत हे, सुटंल."

"आप्पा, थांबा. पाच अंशाला पाणी गोठत नाही."

"मग परवा पानांवरचं दव पांढरं झालेलं पाह्यलं ते काय होतं?"

त्यांचं पाहणं खरंच होतं. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की उघड्यावरची पानं रात्री उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतात, म्हणून हवा शून्याच्या वर असतानाही पानावरचं दव गोठू शकतं. पण ब्रेकचा ड्रम, म्हणजे मागच्या चाकाबरोबर फिरणारा डबा, गाडीच्या पोटाखाली झाकलेला असतो, त्याच्यावर ही वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे ड्रम जाम होतो तो गंजाने. ड्रम बिडाचा. आत पाणी गेलं आणि ओले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून टेकून चाक थांबवणाऱ्या वाकड्या पट्ट्या, त्याला रात्रभर दाबून राहिल्या की दोघांच्या मधे गंज धरतो आणि शू ड्रमलाच चिकटतात. थंडीत दव पडतं, ओल लवकर सुकत नाही, म्हणून हे हिवाळ्यात जास्त होतं. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचंही हेच होतं. कढत पाण्याने गंज सुटत नाही, वर ड्रममध्ये आणखी पाणी जातं. आप्पांनी माझं ऐकलं आणि बादली आंघोळीला परत नेली.

पण इंजिनाचा जोर लावण्याआधी अडकलंय कुठे ते बघायला हवं होतं. हँडब्रेकची केबल तिच्या नळीत अडकून ओढलेलीच राहिली असेल, किंवा केबल सुटलेली असून शू ड्रमला चिकटले असतील. दोन्हींचा उपाय वेगळा. दादाने बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, मी पोतं अंथरून मागच्या चाकाशी आडवी झाले आणि बॅटरी मारली. चाकामागच्या पत्र्यात केबल शिरते तिथे बोटाने दाबून पाहिलं. केबल सैल होती, उजव्या बाजूसारखीच. म्हणजे केबल परतली होती, चिकटले होते ते शू. ती तारेसारखी ताठ लागली असती तर गाडी तशीच ठेवून गॅरेजवाल्याला बोलावणं भाग होतं.

मग दगड काढून पहिला गिअर, क्लच अर्धा, अगदी हलका रेस. मग रिव्हर्स. पुन्हा पहिला. एका दिशेने सुटत नाही ते पुष्कळदा उलट दिशेने सुटतं. जोरात रेस देऊन ओढायचा मोह होतो, पण त्यात शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, उखडून येतं, आणि ते ड्रममध्ये मोकळं फिरलं तर चाक चालत्या गाडीत अडकू शकतं. आमचं चाक अशाने सुटलं नाही. शेवटी पुन्हा सगळे दगड लावले, जॅक लावला, चाक काढलं. ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून दादाने त्यावर हातोडीने ठोके दिले, एका जागी नाही, गोल फिरत. शेजारच्या काकांनी डिझेल सोडायचं सुचवलं. ते मी होऊ दिलं नाही. लायनरला डिझेल किंवा तेल लागलं की ते पितं आणि त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो. काही ठोक्यांनंतर आतून टक्क असा कोरडा आवाज आला, ड्रम हाताने फिरला आणि तांबूस भुकटी खाली सांडली.

रस्त्याला लागताच रिकाम्या जागी हळू वेगात ब्रेक दाबून पाहिला. चांदोरीला थांबून दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ हात नेला. डावीकडे उजवीपेक्षा जास्त धग असती तर शू अजून घासतोय असं समजायचं होतं. दोन्ही सारख्याच कोमट होत्या.

नाशिकला पहिल्या गॅरेजात काही न उघडताच मागचा सगळा ब्रेक सेट बदलायला सांगितलं. मी गाडी तिथून काढली आणि एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी ड्रम उतरवला. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमला आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम हाबवरून आपोआप बाहेर येतो, हातोडा चालवावा लागत नाही. लायनरची जाडी शिल्लक होती, ड्रमच्या आत शूच्या आकाराचा गंजाचा पट्टा उठला होता. त्यांनी तो पॉलिश पेपरने काढला. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊ नये म्हणून. ही काळजी घेणारा माणूस मला तिथे भेटला याचं फार बरं वाटलं.

आणखी एक दोष नंतर निघाला. डाव्या केबलच्या टोकाचं रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारं टोपण, फाटलं होतं. तिथून नळीत पाणी जात होतं आणि केबल आतून गंजायला लागली होती. केबल बदलली, हँडब्रेकचं सेटिंग गाडीच्या पुस्तकाप्रमाणे करून घेतलं.

लेहला पर्यटक नेणारे माझे मामा सांगतात, तिकडे हिवाळ्यात रात्री कुणी हँडब्रेक ओढत नाही. तिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो आणि अशा फाटक्या बुटातून शिरलेल्या पाण्याचा नळीत खरोखर बर्फ होतो. केबल ओढलेली असताना बर्फ धरला तर दिवस वर आल्याशिवाय सुटका नाही. सपाट जागा, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, चाकाला दगड, ही तिकडची रीत.

आता माहेरी गाडी धुतली की दादा ती आधी पिंपळापर्यंत नेऊन आणतो, वाटेत ब्रेक चार-दोनदा हलका दाबतो म्हणजे ड्रममधलं पाणी सुकतं. मग शेडमागच्या सपाट जागेत गिअरमध्ये उभी करतो आणि चाकांना दगड लावतो. उतारावरच लावावी लागली तर हँडब्रेक ओढायचाच, पण गाडी धुणं त्या दिवशी नाही.