लंबकाचे रिपोर्ट
आज दिवसभर साध्या लंबकाचे लॅब रिपोर्ट तपासले. 'त्रुटींची कारणे' खाली बहुतेकांचं एकच उत्तर: मानवी चूक. अरे, पण कुठली? स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाचा फरक पडला, तर २ सेकंदांच्या एका आंदोलनात १० टक्के चूक. २० आंदोलनं मोजली की जेमतेम अर्धा टक्का. या प्रयोगात 'जी' म्हणजे गुरुत्वत्वरण काढायचं असतं; त्याच्या सूत्रात आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग, म्हणून 'जी'मध्ये ती चूक दुप्पट. हे लिहा की!

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. १ मीटरच्या लंबकात १ सेंटिमीटरची त्रिज्या विसरली, की 'जी'चे ९.७७ चे ९.६७ होतात. कॅल्क्युलेटरवरचं ९.७७१६४३ जसंच्या तसं उतरवायचं नाही. स्केलपट्टीला तेवढं दिसतच नाही. आणि कृती भूतकाळात: 'मोजा' नव्हे, 'मोजली'.