आमची वाटचाल : पाचवा रकाना

सावंतवाडीजवळचं आमचं काजू युनिट घरामागच्या शेडमध्ये सुरू झालं. बी वाफवायला एक बॉयलर आणि बीचं टरफल कापायला पायाने चालवायचे चार कटर, एवढंच भांडवल. पाच मोसमांनी ऑर्डर वाढल्या आणि कटिंगलाच काम अडू लागलं. कटिंग बाहेरून करून घेतलं तर मालावर नजर राहत नाही, म्हणून तो विचार लगेच सोडला. उरले दोन मार्ग: आणखी कटर किंवा ऑटोमॅटिक मशीन.

भावाला मशीन हवं, मला कर्जाची धास्ती. घरात रोज तोच वाद. शेवटी एका प्रशिक्षणात शिकलेला निर्णय तक्ता मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखला. खर्च, वेग, जागा, दुरुस्ती. प्रत्येकाला 5 पैकी गुण. मशीन 15, कटर 13. कोटेशनही मागवलं.

दुपारी कटरवरच्या एका काकींनी तक्ता पाहिला. हात तेलाने माखलेले, म्हणून लांबूनच म्हणाल्या, "गर फुटलो तर? तो रकानो खंय?"

आमचं सगळं पोट त्या रकान्यावर, आणि तोच राहिला होता! डब्ल्यू-320 ही काजूगराची प्रत, म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अख्खे गर. फुटला की त्याची पाकळी होते आणि भाव खाली येतो. त्यात आमच्याकडे बी एकसारखी येत नाही; वेंगुर्ला-7 या जातीची बी 10 ग्रॅमच्या आसपास, गावठी बरीच लहान. आकार नीट निवडले नाहीत तर मशीनचं पातं थेट गरात शिरतं. काकी मात्र प्रत्येक बी बोटांत फिरवून मगच पात्याखाली धरतात.

तक्ता नव्याने मांडला. या वेळी गुणांआधी वजनं, म्हणजे कोणता रकाना किती महत्त्वाचा ते, ठरवली, नाहीतर मनातल्या पर्यायासाठी वजन वाकवलं जातं. अख्खा गर 5, खर्च 4, दुरुस्ती 4, वेग 3, जागा 1. गुणाकार करून बेरीज घेतली: कटर 64, मशीन 55. भावाचं समाधान व्हावं म्हणून वेगाचं वजनही 5 केलं. तरी कटर 68, मशीन 65. मग तोच म्हणाला, "कटर घेऊया."

सहा कटर आले, शेड वाढवली. तक्ता अजून भिंतीवर आहे. यंदा काकींनी सहावा रकाना सांगितलाय: दिवसभर बसून पाठ किती दुखते. त्याचं वजन या वेळी कटरवरच्या बायका ठरवणार आहेत.